पॅडलवरचा पाय

जीपच्या ब्रेकमधली हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एक खाली चाकाजवळ पाना घेऊन आडवं पडतं, दुसरं वर बसून पॅडल दाबतं. खालच्यानं 'दाब' म्हटलं की वरच्यानं तीन-चारदा पॅडल मारायचं. 'धर' म्हटलं की पाय तसाच दाबून ठेवायचा. मग खालचा माणूस चाकामागचं निपल, म्हणजे बोटाच्या पेराएवढा एक पोकळ स्क्रू, थोडं ढिलं करतो. त्यातून हवा आणि ऑइल फुसफुसत बाहेर येतं. निपल पुन्हा आवळलं की 'सोड'. चारही चाकांचं असंच. आमच्या घरी खालचा माझा नवरा होता आणि वरची मी. अकरा वर्षं.

तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते. इथं मात्र 'तो' लिहिणार आहे. एवढी चैन मला परवडते.

आमचं घर कनेरगाव नाक्यावर, अगदी रस्त्याला लागून. समोर चहाचं हॉटेल. नवरा हिंगोली ते नाका काळीपिवळी जीप चालवायचा आणि तिला कुठल्याच मिस्त्रीचा हात लागू द्यायचा नाही. हिंगोलीतले सगळे मिस्त्री त्याच्या मते आंधळे नाहीतर चोर. क्लच प्लेट असो की पाट्याचा बोल्ट, सगळं अंगणात व्हायचं. त्याचा हात खरंच चांगला होता. आवाजावरून बेअरिंग ओळखायचा. तोंड मात्र गटार होतं. पाना द्यायला उशीर झाला की माझे आईबाप निघायचे, चुकीचा दिला की तोच पाना अंगावर यायचा. माझ्या डाव्या पोटरीवर अजून खूण आहे, चौदा-पंधराच्या पान्याची.

पॅडलचा नियम त्यानं पहिल्याच वेळी कानाखाली एक ठेवून शिकवला होता. 'सोड' ऐकल्याशिवाय पाय हलला की हवा आत शिरते आणि केलेलं सगळं वाया जातं. निपल ढिलं असताना हे अगदी खरं आहे. ते कधी ढिलं आणि कधी बंद, हे वर बसलेल्याला दिसत नाही. मी 'सोड'ची वाट पाहायची.

थोरलीच्या वेळी मला आठवा महिना होता. स्टिअरिंग पोटाला टेकत होतं. तीन चाकं झाली होती, चौथ्याला तो म्हणाला, "धर." मी धरलं. खाली पान्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. मी वाट पाहिली. पायाला मुंग्या आल्या. थोड्या वेळानं हॉटेलातून त्याचं हसणं ऐकू आलं. चहा पिऊन राहिला होता, ड्रायव्हर लोकांत बसून.

"अवो, सोडू का?" मी ओरडले.

"धर!" तिकडूनच.

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि हॉटेलातले हसले. सासू ओट्यावर तुरी पाखडत होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं सुपात पाहिलं. लेकरू आतून मूत्राशयावर दाबत होतं, मांडी थरथरत होती, आणि मी पाय काढला नाही. ऑइल सांडेल, दिवस फुकट जाईल, मार बसेल, एवढंच डोक्यात होतं. मग माझं सीटवरच झालं. साडी, सीट, खालचा पत्रा, सगळं.

तो आला, दार उघडलं, पाहिलं, आणि हॉटेलाकडं वळून मोठ्यांदा म्हणाला, "या, बगा रे! इथून लीक हाय!"

पुढं कितीतरी दिवस मी पाण्याला निघाले की कुणीतरी विचारायचं, "वहिनी, लीकेज निघालं का?" सीट मी धुतली. थोरली झाली, नंतर धाकटी झाली, आणि पॅडल दाबणं सुरूच राहिलं. दर वेळी एखाद्या चाकाला तो मला धरून ठेवायचा. कधी एक बिडी होईपर्यंत, कधी दोन.

तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. डावा हात, डावा पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं. बोलणं साफ राहिलं. जीप दारात उभी होती आणि खाणारी तोंडं पाच. मी लायसन काढलं. शेतात शिकले, दोनदा नालीत घातली, आणि आता साखऱ्याकडच्या वावरांत हळद काढायला बाया नेते-आणते. पिवळ्या हातांच्या बारा बाया मागे बसतात. ब्रेकशिवाय चालत नाही.

घरात मी त्याच्याशी कशी वागले ते सांगायला लाजत नाही. त्यानं चहा मागितला की मी चहा होऊ द्यायचे आणि मग थंडही होऊ द्यायचे. मोरीकडं न्यायला हाक मारली की तिसऱ्या हाकेला उठायचे. एकदा भांडला, तर त्या दिवशी पाचव्या हाकेला उठले. तो चौथ्याच्या आधी रडला. तेव्हापासून भांडत नाही. त्याला ऊठबस करायलाही मी लागते, हे त्याला चांगलं समजलं होतं.

पहिल्यांदा मी स्वतः जीपखाली गेले तेव्हा पॅडलवर सासूला बसवलं. तो बाजेवर पडून सांगत होता आणि मी ऐकत नव्हते, कारण मला सगळं पाठ होतं. "धरा, आत्याबाई," मी म्हणाले. निपल ढिलं केलं, हवा गेली, आवळलं. 'सोडा' म्हणायला तोंड उघडतेय तोवर वर पॅडल खटकन उसळलं. सासूनं पाय काढला होता.

मी ओरडत बाहेर आले. सासूवर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. "काहून सोडलं? सगळी हवा गेली ना आत!"

ती गुडघा चोळत शांतपणे म्हणाली, "निपल आवळलं न्हवं तू? मंग सोडलं तर काय व्हतंय?"

मी तिला बाजूला करून स्वतः पॅडल दाबलं. दगडासारखं घट्ट. कणभरही हवा आत गेली नव्हती. आवळल्यावर पाय ठेवला काय, काढला काय, काही फरक पडत नाही. पडतच नव्हता. अकरा वर्षं तो निपल आवळून उठायचा, हात पुसायचा, आणि मला वर धरून ठेवायचा. कामासाठी नाही. नुसती मजा म्हणून.

"तुमाला कसं ठावं?" मी विचारलं.

"तुझा सासरा टेम्पो चालवत व्हता. म्या काय कमी पॅडल दाबले व्हय?"

"मंग त्या दिवशी बोलल्या काहून न्हाईत? मी आठव्या महिन्याची व्हते."

ती खाली उतरली, पदर सारखा केला. "मी धरत व्हते तवा मला कुणी सांगितलं व्हतं?" म्हणाली आणि ओट्यावर जाऊन बसली.

तो बाजेवरच होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. मी त्याला काही विचारलं नाही. मला उत्तर नको होतं, मला ब्रेक पुन्हा बिघडायला हवे होते.

यंदा उन्हाळ्यात मागच्या चाकातलं ब्रेकचं रबर गेलं. ते बदललं म्हणजे हवा काढणं आलंच. सकाळी त्याला बीपीची गोळी दिली. त्या गोळीनं लघवी सुटते, अर्ध्या तासात मोरीकडं न्यावं लागतं. मी घड्याळ पाहिलं. सासू तुरीचं सूप बाजूला ठेवून पॅडलवर बसायला उठत होती. "तुमी बसा तिथंच," मी म्हणाले, आणि नवऱ्याला काखेत धरून जीपमध्ये बसवलं. त्याचा उजवा पाय चांगला आहे. मीच उचलून पॅडलवर ठेवला.

"दाबा." त्यानं दाबलं. "धरा." त्यानं धरलं. हवा निघाली. निपल आवळलं, पाना मुद्दाम वाजवला, आणि जीपखालून निघून मी समोरच्या हॉटेलातून चहा घेतला. परत येऊन जीपच्या नाकासमोर, त्याला दिसेल अशी, ओट्यावर बसले. मी लपले नाही. एका हातात पाना, एका हातात कप. काचेतून तो माझ्याकडं बघत होता.

"सोडू का?" त्यानं विचारलं.

"धरा."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी सावकाश चहा प्याले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू? त्याची मांडी थरथरायला लागली, कपाळावर घाम आला, वाकड्या तोंडातून लाळ गळली. सासूनं सुपात पाहिलं. ज्या माणसानं मला हे काम शिकवलं त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं की निपल बंद आहे, पाय काढला तर काही बिघडत नाही. ब्रेकचं काही बिघडत नाही. मी 'सोडा' म्हणायच्या आत पाय काढला तर त्याचं काय होईल, ते त्याला ठाऊक होतं. म्हणून तो धरून बसला.

मग त्याचं सीटवरच झालं. मी दार उघडलं, पाहिलं, आणि हॉटेलाकडं वळून मोठ्यांदा म्हणाले, "या, बगा! इथून लीक हाय!"

हॉटेलातले हसले. त्यांतले दोघं-तिघं तर तेव्हाचेच होते. मला वाटलं होतं, आता तरी कुणी मान खाली घालेल. कुणी घातली नाही. त्यांना हसायला कुणीही चालतं.

"सोडा," मी म्हणाले. त्याचा पाय निघेना. मीच वाकून दोन्ही हातांनी तो पॅडलवरून उचलला, त्याला मोरीत नेलं, लुंगी बदलली. मग बादली घेऊन बाहेर आले आणि सीट धुवायला बसले. धाकटी शाळेला निघाली होती, पण पहिल्यापासून सगळं पाहत पायरीवरच थांबली होती.

"माय," ती म्हणाली, "निपल तर बंद व्हतं ना?"

मी ब्रश मारत राहिले. तेव्हाही सीट मीच धुतली होती.