अमेरिकेला जाणारे टॉवेल

बोईसर स्टेशनहून कुंभवलीला जाणाऱ्या शेअर रिक्षात एक काका रोज माझ्या शेजारी बसायचे. आमच्याच कंपनीत अमेरिकेला जाणाऱ्या टॉवेलांच्या घड्या घालायचे. रिक्षातही मांडीवरच्या रुमालाच्या कडा जुळवून घडी घालत राहायचे. आम्ही कधी बोललो नव्हतो.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा प्रचार चालू होता. एका सकाळी त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, तुमी इंग्रजीवाल्या. हा उमेदवार काय म्हनतो?"

"निवडून आलो तर बाहेरच्या मालावर मोठा कर लावीन, म्हणतोय."

"आन् लोक टाळ्या वाजवतात? टॉवेल महाग होनार म्हनून?"

रिक्षावाला हसला. ते हसले नाहीत.

"घेनारी बाई खूश, बनवनारे आमी खूश. मंग मधी ह्याचं काय काम?" आणि हळूच, "आमची लाइन बंद नाय ना होनार?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरं तर अमेरिकेतल्या ग्राहकाने निवडणूक होईपर्यंत ऑर्डर थांबवल्याची मेल मी कालच ऑफिसात वाचली होती.

गेटपाशी मात्र मला राहवलं नाही. "काका, ऑर्डर थांबल्यात. दुसरीकडे काम बघून ठेवा."

त्यांनी हातातल्या रुमालाची घडी मोडली.

"मंग आज घडी कुनासाठी घालायची, ताई?"