पासलीची गार्ड

भोरच्या शाळेत मी ड्रिलच्या बाई म्हणून रुजू झाले तेव्हा संस्थान विलीन होऊन फार वर्षं झाली नव्हती. शाळेमागच्या मैदानात मुलं हुतुतू खेळत. मुलींना लेझीम होतं, आणि पंधरा ऑगस्ट जवळ आला की कवायत. मी पुण्यात ट्रेनिंग घेताना बास्केटबॉल खेळले होते आणि त्या खेळाचं मला वेड लागलं होतं. हेडमास्तरांच्या मागे लागून मी दोन खांब उभे करून घेतले, लोहाराकडून कड्या करून आणल्या, मुरूम पसरून त्यावर रूळ फिरवून घेतला. सगळं झाल्यावर हेडमास्तर म्हणाले, "बाई, एवढं करून चेंडू त्या कडीतून खालीच पडणार ना?" मी हो म्हटलं. त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता.

मुली मिळाल्या. मामलेदारांची मुलगी उंच होती, तिला कडीखाली उभी केली. धावणाऱ्याही मिळाल्या. मिळेना ती गार्ड. आता ज्या जागेला पॉइंट गार्ड म्हणतात तिला तेव्हा आम्ही नुसतं गार्ड म्हणत असू. चेंडू आपल्या कडीपासून समोरच्या कडीपर्यंत न्यायचा, कोण कुठं आहे ते बघायचं आणि कुणी कुठं जायचं ते सांगायचं, हे तिचं काम. ज्या मुलीला चेंडू द्यावा ती खाली मान घालून चेंडूकडेच बघत राही, जणू तो पळून जाणार होता.

मग एकदा सरावाच्या वेळी नववीतल्या एका मुलीनं चेंडू अशा जागी टाकला की तिथं कुणीच नव्हतं. मी शिट्टी तोंडाशी नेली तोवर दुसरी मुलगी धावत त्या जागी पोचली आणि चेंडू तिच्या हातात बसला. ही मुलगी वेल्ह्याच्या पलीकडची, पासलीची. घरी भातशेती, गुरं. भोरला मावशीकडे राहून शिकत होती. अंगानं बारीक, परकर खोचून खेळायची, दमलेली कधी दिसली नाही. मला वाटलं, झालं, गार्ड सापडली. पुढचे पाच महिने तिनं मला जेवढं वैतागवलं तेवढं आणखी कुणी वैतागवल्याचं मला आठवत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ती बोलत नसे. गार्डनं ओरडायला हवं. ही मामलेदारांच्या मुलीजवळ जाऊन हळू विचारायची, "ताई, जरा फुडं येता का?" तोवर चेंडू दुसऱ्यांच्या हातात.

"येता का काय विचारतेस?" मी म्हणायची. "पुढं हो, म्हणायचं."

"बाई, त्या मोठ्या हाईत."

"मैदानात कुणी मोठं नसतं."

ती मान हलवायची आणि पुन्हा तेच. एकदा तर तिनं चेंडू हातात धरून त्या ताईंची वेणी बांधून होईपर्यंत वाट बघितली.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. उजवीकडून कुणी अडवलं की डाव्या हातानं पास द्यावा लागतो. ही डाव्या हातात आलेला चेंडू उजव्या हातात घ्यायची आणि मग द्यायची. तेवढ्या वेळात समोरची मुलगी आरामात येऊन उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "डाव्या हातानं कुणाला काय द्यायचं नसतं. आई मारती."

मी समजावलं. हा प्रसाद नाही, चेंडू आहे. ती म्हणाली, व्हय. आणि पुन्हा उजवा हात. शेवटी मी चिडून टॉवेलनं तिचा उजवा हात कमरेला बांधला आणि म्हटलं, आता बघू कशी देत नाहीस ते. तिनं दिलाच नाही. सगळ्या मैदानात चेंडू डाव्या हातानं आपटत फिरली, चौघींना चुकवलं, परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी टॉवेल सोडला आणि घरी गेले.

चार दिवसांनी तिनं डाव्या हातानं पास दिला, पण जमिनीवर आपटून. चेंडू टप्पा खाऊन अडवणारीच्या हाताखालून गेला आणि नेमका आमच्या मुलीच्या हातात. मी म्हटलं, "आज कसा दिलास?"

"म्या न्हाई दिला, बाई. म्या जिमिनीला दिला. तिनं तिला दिला."

पास मात्र अडवायला फार अवघड होता, हे मान्य करावं लागलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुण्यात शाळांचे सामने होते. सुट्टी संपली, शाळा भरली, गार्डचा पत्ता नाही. मावशी म्हणाली, भात कापायला आलंय, ती आता महिनाभर येत नसती. सामना आठवड्यावर. मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी निघाले. भोरहून नसरापूर एस.टी.नं, तिथं दुसऱ्या गाडीसाठी ताटकळत बसले, मग वेल्हे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी एका बाईंची सोबत दिली आणि आम्ही पायी पासलीकडे निघालो. माझ्या चपलेचा अंगठा वाटेतच तुटला.

गावाजवळ पोचलो तर वरच्या उतारावरून एक आवाज आला. "ए ढवळे, माघारी फिर! अगं ए, तू कुठं चाललीस? हिकडं, हिकडं! दाद्या, खालनं आडव तिला!" सगळी गुरं वळली, खालचा थोरला भाऊही वळला. मी वर बघितलं तर हातात काठी घेऊन माझी गार्ड उभी.

ती धावत खाली आली. मी म्हटलं, "एवढा आवाज होता तर पाच महिने कुठं ठेवला होतास?"

"बाई, ती गुरं हाईत."

"आणि तो भाऊ?"

ती म्हणाली, "त्यो घरचा हाय."

तिच्या वडिलांनी मला पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं. "बाई, तुमी लई लांबनं आलाव. पर चेंडू खेळाया पुण्याला? हितं भात उभं हाय." मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, शरीराचं सांगितलं, शाळेच्या नावाचं सांगितलं. ते सगळं ऐकून घेत होते आणि मधून मधून भाताच्या खाचराकडे बघत होते. आई म्हणाली, "खालचं खाचर निघालं तर धाडू." मग उरलेला दिवस आणि दुसरा अर्धा दिवस मीही भाताचे भारे उचलत होते, चपलेशिवाय. मुलगी पुढं राहून मला सांगत होती, बाई, हितनं नगा, तिथनं चला. अगदी आदरानं.

पुण्यातलं मैदान सिमेंटचं निघालं. आमच्या मुरमावर चेंडू कमरेपर्यंत उडे, इथं तो हनुवटीला लागायला लागला. समोरच्या मुली एकसारख्या कपड्यातल्या, भराभर बोलणाऱ्या. पहिल्या डावात आमची अगदी वाताहत झाली. गार्ड दोनदा "ताई, ताई" करत राहिली आणि दोन्ही वेळा चेंडू गेला. मी रेषेबाहेरून घसा फोडून ओरडत होते. डावीकडे बघ, उजवीकडे दे, मागं ये.

दुसऱ्या डावात तिसऱ्यांदा तसंच होणार होतं. मामलेदारांची मुलगी चुकीच्या जागी उभी होती. अडवणारी अंगावर आली. आणि एकदम तो उतारावरचा आवाज आला. "म्होरं हो! म्होरं!"

मामलेदारांची मुलगी विचार न करता पुढं झाली. चेंडू टप्पा खाऊन तिच्याकडे आला आणि कडीतून खाली पडला. मग थांबलं नाही. "तू आडव! तू माघारी! अगं, तिकडं कुठं?" चौघी तिच्या शब्दावर फिरायला लागल्या. मामलेदारांची मुलगी रागानं लाल झाली होती, पण फिरत होती.

मला इतका आनंद झाला की मी आणखी जोरात ओरडायला लागले. चेंडू बाहेर गेला तेव्हा गार्ड माझ्यासमोर रेषेपाशी आली.

"बाई, तुमी एक सांगताव, मी एक सांगती. त्यांनी कुणाचं ऐकायचं? तुमी जरा गप बसा."

पाच महिने मी जिला बोल म्हणून सांगत होते तिचं मला उद्देशून मोठ्या आवाजातलं पहिलं वाक्य हे. शेजारी पुण्याच्या शाळेच्या बाई बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि तोंडाला रुमाल लावला. मी गप बसले. तो सामना आम्ही जिंकलो. पुढच्या फेरीत हरलो, पण त्यातही ती बोलत होती.

परत येताना गाडीत मामलेदारांच्या मुलीनं तिच्याशी अबोला धरला. कात्रजच्या घाटात गार्ड तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुमी रागावलाव का?" पुन्हा तुमी. तिकडून उत्तर आलं, "मैदानात म्हणालीस तसंच म्हण. हे ऐकलं की मला कसंतरी होतं."

त्यानंतर माझा वैताग कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही, फक्त बाजू बदलली. तिला जे दिसे ते ती सांगे, आणि तिला फार दिसे. सराव कधी घ्यावा, कुणाला बसवावं, रूळ कुठं नीट फिरला नाही. पुढच्या वर्षी एका रविवारी सकाळी मी न्हाऊन केस वाळवत बसले होते तर ही दारात.

"बाई, त्या नव्या पोरीला कडीखाली नगं. ती चेंडू आला की डोळं मिटती."

"शाळेत बाई कोण आहे? तू की मी?"

"तुमीच हाय की. म्हणून तर सांगाया आले."

मी तिला चहा दिला आणि घालवून दिलं. सोमवारी मुद्दाम नीट बघितलं, तर ती नवी मुलगी खरंच डोळे मिटत होती.