आवाज बंद करून खेळ

इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीतला आमचा शेजारी मूळचा पुण्याचा, त्यामुळे सल्ला न मागताही देतो. ‘नो वरीज’सुद्धा दटावल्यासारखं म्हणतो. पण फोनवर स्लॉटचा जुगार खेळणाऱ्याला तो ‘खेळू नकोस’ असं कधीच सांगत नाही. म्हणतो, “आवाज बंद करून खेळ.”

दिवाळीच्या फराळाला माझा मेहुणा खेळत बसला होता. फोनमधून टाळ्या वाजल्या, नाणी खुळखुळली. “जिंकलो!” मेहुणा ओरडला.

शेजाऱ्याने चकली खाली ठेवली आणि फोनचा आवाज बंद केला. “आता बघ. डॉलर लावलास, चाळीस सेंट परत आले. ह्याला जिंकणं म्हणतात?”

मेहुणा मुक्या स्क्रीनवर थोडा वेळ खेळला, मग त्याने फोन खिशात टाकला.

“तुला कसं रे कळलं?” मी विचारलं.

“असल्या खेळांत त्या टाळ्या मीच बसवायचो, मेट. पगार मस्त होता.”

आता कमी पगारावर तो हॉस्पिटलातल्या मशिनचे आवाज बसवतो. तिथे बिघडलं की बिघडल्यासारखंच वाजतं.

पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना मी ‘आमचा शेजारी’ म्हणतो. त्यातलं ‘आमचा’ जरा जोरातच म्हणतो.