मध्यंतरानंतरची पट्टी

"कडा धर, भोंग्या. बोटना डाग पडस."

चाचांनी मला जन्मभर एवढी एकच गोष्ट शिकवली, अन् तीच मला जमली नाही. सिनेमाची पट्टी कडेनं धरायची, मध्ये बोट लावायचं नाही. पण चाचा भाकर बी कडेनं धरायचे. रेशनकार्ड, चहाची बशी, माझ्या लग्नातला फोटो, सगळं दोन बोटांनी कडेवर. तुम्ही बी असा एखादा माणूस पाह्यला असेल, जगाला डाग पडेल म्हणून जपून धरणारा. अन् बाजूला माझ्यासारखा असतोच, तेलकट हातानं सगळं चिवडणारा.

मी शाळेत सुकडी मिळायची तोवर टिकलो. पुढं चाचांच्या तंबू टॉकीजमध्ये भोंग्यावर ओरडायला लागलो, म्हणून नाव भोंग्या. एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर, रावेर, पार तिकडं साक्री. जिथं जत्रा, तिथं आमचा तंबू. चाचा मशीन चालवायचे. पुरुषांच्या गेटावर मी अन् बायकांच्या गेटावर चाची. चाचीच्या गेटातून फुकट माशी आत जायची नाही. माझ्या गेटातून एकदा बकरी गेली, अन् पिच्चर संपेपर्यंत बसली.

आता मुद्दा ऐका. मध्यंतर झालं की लोक चहा-भजीला जायचे ते परत यायचेच नाहीत. मग चाचांनी शक्कल काढली. धुळ्याचा एक फोटोवाला होता, त्याच्याकडं चावीचा कॅमेरा. त्याच्याकडून जत्रेतल्या लोकांचीच पट्टी काढून घेतली, मुकी, काळी-पांढरी. ती मध्यंतरानंतर पिच्चरमध्येच चिकटवून टाकली. बाहेर मी भोंग्यावर ओरडायचो, या हो, पडद्यावर तुमचंच थोबाड दिसतंय. लोक हातात भजी घेऊन पळत यायचे. मामा दिसला की तंबू डोक्यावर घ्यायचे. त्या पट्टीत येण्यासाठी मी दोनदा भांग पाडला होता. दिसते फक्त माझी पाठ, कारण ऐन वेळी मी बकरीमागं पळत होतो.

अन् त्या पट्टीच्या शेवटी चाची. गेटावर उभी, हातात तिकिटं. कॅमेरा दिसल्यावर हातानं हट करते, ओढणी तोंडावर घेते, अन् ओढणीतून हसते. बस्स.

तंबू बंद पडला. चाची गेली. तिचा दुसरा फोटो एकच, रेशनकार्डावरचा, त्यात ती रॉकेल मिळालं नाही अशी बघते. चाचांनी पत्र्याच्या डब्यात ते पिच्चर जपलं. पण मशीनचा बल्ब गेला तो कुठं मिळेना. डबा उघडला की आंबूस वास यायचा. चाचा वास घ्यायचे अन् झाकण लावायचे. बायको डब्यात आहे अन् बघता येत नाही, असं ते होतं.

अशात मुंबईची एक कंपनी आली. जुने पिच्चर शोधायचे, साफ करायचे अन् तबकडीवर भरून जाड पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात विकायचे, हा त्यांचा धंदा. शौकीन लोक ती खोकी कपाटात लावतात म्हणे. या पिच्चरची दुसरी प्रत कुठंच उरली नव्हती. चाचांनी एकच मागणं केलं, एक तबकडी मला द्या, पण पिच्चर पुरं पाहिजे, कुठं कापायचं नाही. कंपनीची पोरं म्हणाली, अंकल, एक चित्र कमी होणार नाही, अन् डबा घेऊन गेली.

चाचीचं त्यांना चाचांनी सांगितलं नाही. परक्या पोरांना बायकोचं कसं सांगायचं? अन् सांगायचं कशाला? ती पिच्चरमध्येच होती. पंचवीस गावांनी ते पिच्चर तसंच पाह्यलं होतं. मूळ पिच्चरमध्ये ती पट्टी नसते, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

खोकं आलं. आत इंग्रजी पुस्तक, गुळगुळीत. मी एके काळी तबकड्या भाड्यानं द्यायचो, म्हणून शहाणपणा केला. म्हटलं, चाचा, तबकडी म्हणजे तबकडी, माझ्या घरी लावू. माझ्या मशीननं मिक्सरसारखा आवाज काढला अन् तबकडी बाहेर थुंकली.

"तू हात लावस तं मशीन बी रडस," चाचा म्हणाले.

शेवटी जळगावातला एक दातांचा डॉक्टर सापडला, पिच्चरचा शौकीन. त्याच्याकडं या नव्या जातीच्या तबकडीचं मशीन होतं, अन् भिंतीएवढा टीव्ही. डॉक्टर भला माणूस, सोफ्यावर बसा म्हणाला. चाचा नवा शर्ट घालून, अत्तर लावून आले होते. ते खाली बसले, अगदी पुढं.

पिच्चर सुरू झालं. काच पुसल्यासारखं स्वच्छ.

"पाऊस कोठे गया?" चाचा म्हणाले. पट्टीवरच्या ओरखड्यांना आम्ही पाऊस म्हणायचो. डॉक्टर म्हणाला, चाचा, साफ केलंय.

मध्यंतराची पाटी आली. चाचांनी टोपी सारखी केली. पाटी गेली, अन् घोड्यावरून हिरो आला.

"मागे ले."

डॉक्टरनं मागं घेतलं. पाटी, मग हिरो. पुन्हा मागं. पुन्हा हिरो. मला त्या घोड्याच्या तोंडात मारावंसं वाटलं.

डॉक्टरनं तिथूनच कंपनीला फोन लावला, आवाज मोठा करून. पोरगं फार गोड बोलत होतं. म्हणालं, "तो भाग मूळ चित्रपटाचा नव्हता, अंकल. कुणीतरी मध्ये जोडला होता."

"कोनीतरी म्हणजे मी," चाचा म्हणाले.

मग पट्टी परत मागितली. पोरगं म्हणालं, सडलेले तुकडे आम्ही ठेवत नाही, नष्ट करतो. नष्ट, हा शब्द त्यानं अगदी सभ्यपणे उच्चारला. मला राग आला की हसू येतं, लोक म्हणून मला येडा समजतात. त्या दिवशी हसू आलं नाही. मी त्या फोनवर खानदेशात आहेत तेवढ्या शिव्या घातल्या, पण फोन आधीच कट झाला होता. माझ्या शिव्या डॉक्टरच्या बायकोनं तेवढ्या ऐकल्या.

डॉक्टर शरमून गेला होता. म्हणाला, थांबा, तबकडीवर पिच्चर कसं साफ केलं ते बी दाखवलेलं असतं. त्यानं ते लावलं. पडद्याचे दोन भाग, डावीकडं घाण, उजवीकडं स्वच्छ. डावीकडं पाऊस, उजवीकडं कोरडं. अन् मग कंपनीनं काय काय कचरा काढला, त्याचा नमुना.

नमुन्यात चाची होती.

गेटावर उभी, हातात तिकिटं. अन् तिच्या तोंडावर, या कानापासून त्या कानापर्यंत, लाल फुली. मास्तर चुकीच्या गणितावर मारतो तशी. काढलंत ते काढलंत, फुली कशाला मारली रे? तुमच्या आईच्या फोटोवर मारता का?

मी चाचांकडं बघेना. ते उठले, टीव्हीपाशी गेले, अन् दोन्ही हातांनी टीव्हीच्या कडा धरल्या. काचेला बोट लावलं नाही. डॉक्टरनं न सांगता परत लावलं. फुलीखाली चाचीनं हातानं हट केलं.

"पाह्य," चाचा म्हणाले, "ती हाकली ऱ्हायनी त्येसले."

पुढं चाचांनी कंपनीला फोन करायचा सोडला नाही. पट्टी नष्ट केली तरी तिचं चित्र कंपनीच्या कॉम्प्युटरात असणार, असं डॉक्टर म्हणाला होता. भांडण मिटवायला तयार होते ते. नाव नको, माफी नको, एवढी फुली काढा अन् तेवढाच तुकडा द्या. कंपनी म्हणायची, कळवतो. पुस्तकात त्यांनी चाचांचं नाव बी टाकलं नव्हतं, 'खासगी संग्रहातून' असं होतं. डॉक्टरनं वाचून दाखवलं तेव्हा चाचा म्हणाले, नाव जाऊ दे, फुलीचं विचार.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. खोकं माझ्याकडं आलं. मशीन माझ्याकडं नाही, म्हणून मी डॉक्टरकडं जातो. दात चांगले आहेत तरी जातो. कंपनीला आता मी फोन करतो, पोरगं मला बी अंकल म्हणतं, कळवतो म्हणतं. माझ्या शिव्या त्याला आता पाठ झाल्या असतील.

परवा गेलो. कचऱ्याचा नमुना लावला. आधी माझी पाठ येते, बकरीमागं पळणारी. माझ्यावर फुली नाही, मला त्यांनी फुलीच्या बी लायकीचा धरला नाही. मग चाची येते. मी उठलो, टीव्हीच्या कडा धरल्या, मध्ये बोट न लावता.

ती हट करते. फुली जात नाही.