अठरा तासांखालचं नाव

माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगते. मी रंजना, हैदराबादेत कुकटपल्लीच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात सिस्टर. धम्मानंदभाऊ आमचे वॉर्डबॉय, मूळचे देगलूरकडचे, राहायला बरकतपुऱ्यात. चोपन्नाव्या वर्षीही 'बॉय'च, यावर ते स्वतःच हसायचे.

आमचे पेशंट मोठे सोशिक. कळवळत असले तरी डॉक्टर समोर आले की "अच्छा है साब". भाऊंना मात्र खरं सांगायचे. बेडपॅन देणाऱ्या माणसापुढे कसली भीड? भाऊ तेलुगू अम्मांना "नोप्पी?" विचारायचे, जुन्या शहरातल्या खालांना "दर्द कब से उठा?", आणि आपल्याकडच्यांना "ठणका कधी लागला, आई?"

म्हणून तर आमच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी, डॉक्टर हेमंतनी, त्यांना गाठलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून मांडीत बधिर करणारं इंजेक्शन देतात. जुनं ब्युपिवाकेन जास्त वेळ टिकतं की महाग रोपिवाकेन, हे त्यांना तपासायचं होतं. कुणाला कोणतं दिलंय हे भाऊंना कळू द्यायचं नाही. त्यांनी फक्त तासातासाला विचारायचं आणि लिहायचं. "भाऊ, तुमचं नाव छापून येईल," डॉक्टर म्हणाले. एरवी "ए धम्मा" म्हणणारा माणूस!

आठ महिने, साठ पेशंट. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारे भाऊ त्या वर्षी नागपूरला गेले नाहीत. शेवटी कुणाला कोणतं औषध दिलं होतं, त्या बंद चिठ्ठ्या उघडल्या. जुनं अकरा तास टिकलं होतं, नवं जेमतेम दहा. नव्यानं पाय मात्र लवकर हलायचा. "हेही काही कमी नाही," भाऊ म्हणाले.

लेख आला. शेवटी आभारात इंग्रजीत पूर्ण नाव, धम्मानंद भिवाजी सोनकांबळे, अचूक नोंदींबद्दल. भाऊंनी वॉर्डभर पेढे वाटले. मीच दोन खाल्ले. संध्याकाळी त्यांच्या लेकीनं, शिवानीनं, आतले आकडे वाचून दाखवले. नवं औषध अठरा तास.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोरच डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मी अठरा कुठं लिहिलं?"

"आकड्यांवर प्रक्रिया करावी लागते, धम्मा. तुला नाही कळायचं. नाव आलं ना?"

भाऊ कामाला लागले. पण लेखामागोमाग वॉर्डात नियम आला. सगळ्यांना नवं औषध, आणि अठरा तासांच्या आत वेदनेचं जोरदार इंजेक्शन द्यायचं नाही. मलकपेठच्या सुशीलाबाईंचं ऑपरेशन सकाळी आठला झालं आणि संध्याकाळी सहाला त्या उशी चावायला लागल्या. मी ड्युटीवरच्या डॉक्टर मानसीला बोलावलं. पोरगी वाईट नाही, नवी आहे. तिनं मोबाईल भाऊंसमोर धरला.

"अंकल, अठरा अवर्स लिहिलंय. डेटा तर तुम्हीच कलेक्ट केला ना? हे बघा तुमचं नेम."

सुशीलाबाईंनी भाऊंचा हात धरला. "भाऊ, तुम्ही तरी सांगा की हो यांना."

डॉक्टरांनी आकडे बदलले असं वॉर्डबॉयनं सांगितलं असतं, तर ते कुणी मानलं असतं? चौकशा झाल्या असत्या आणि बाई तोवर तळमळत राहिली असती. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं. मी ट्रॉली आवरत राहिले.

"मीच चुकीचं लिहिलं, मॅडम," भाऊ म्हणाले. "अठरा नव्हते, दहा होते. माझी चूक. यांना इंजेक्शन द्या."

मानसीनं लिहून दिलं. अर्ध्या तासात सुशीलाबाईंना झोप लागली.

सकाळी डॉक्टर हेमंतनी भाऊंवर मेमो काढला, नोंदींत खोटेपणा केल्याबद्दल. स्वतःच कबूल केलंय म्हणे. भाऊंची सही आणायला मलाच पाठवलं.

मी आणली.