झील धरणारा नरसय्या

“मास्तर, आपला नरसय्या...” एवढे बोलून शाहीर सिद्राम फोनवर थांबले. गेल्या महिन्यातील ती दुपार. पुढचे शब्द आले नाहीत, आणि ते का येत नाहीत हे मला लगेच उमगले. वाक्य अर्ध्यावर सोडायची शाहिरांची सवय फार जुनी. उरलेले अर्धे नेहमी नरसय्या उचलत असे. त्या दुपारी ते प्रथमच तसेच लोंबकळत राहिले. पलीकडे शाहिरांचा श्वास ऐकू येत होता. आम्हा दोघांपैकी कोणालाच फोन खाली ठेवावासा वाटत नव्हता...

नरसय्याविषयी लिहावे ते शाहिरांनीच, पण ते म्हणाले, “तुमी लिवा. मला म्होरलं सुचंल, मागलं कोन देनार?” म्हणून हे धाडस करतो आहे. नरसय्या सोलापूरच्या भवानी पेठेत चादरी विणायचा. घरात तेलुगू, दाराबाहेर सोलापुरी मराठी. शाहीर मोहोळकडच्या खेड्यातले. शब्द शाहिरांचे आणि चाल नरसय्याची, अशी त्यांची गाणी जिल्हाभर फिरत होती. मात्र फडावर उभे राहताना शाहीर डफ घेऊन पुढे आणि नरसय्या तुणतुणे घेऊन मागे, हा क्रम कधी बदलला नाही. शाहिराने ओळ म्हणायची आणि ती संपता संपता तिचे शेपूट मागच्याने उचलून उंच न्यायचे, याला झील धरणे म्हणतात. नरसय्या डावा तळहात कानामागे धरून, डोळे मिटून त्या शेवटच्या शब्दाची वाट पाहत उभा राहायचा. चाली तुझ्या, मग पुढे का होत नाहीस, असे मी त्याला एकदा विचारले होते. “म्होरं शाहीर हायत की,” तो म्हणाला. “दोरा तुटला की गाठ मारायची, तेवढंच आपलं काम.”

सत्तरच्या दशकात आमच्या चौकात एक सार्वजनिक रेडिओ होता. तालमीच्या भिंतीतल्या लाकडी कपाटात संच आणि समोरच्या लिंबावर कर्णा. संध्याकाळी माग थांबले की माणसे कट्ट्यावर येऊन बसत. मराठी बातम्या, मग कानडी गाणी, मग उर्दू कार्यक्रम, असा ज्याचा त्याचा वाटा ठरलेला असे. त्यावरून कुरबुरी होत, पण कपाट कधी बंद राहिले नाही. एका उन्हाळ्यात मात्र संच जळाला. त्याच सुमारास पेठेतल्या एका कारखानदाराने, ज्याला सगळे नुसते मालक म्हणत, निरोप धाडला की नवा रेडिओ मी देतो, फक्त तो माझ्या फाटकावर लागेल. त्या वर्षी मागवाल्यांची मजुरीवरून बोलणी चालू होती. फाटकावरचा रेडिओ कोणती बातमी आली की बंद पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तरीही चौक हळूहळू त्या निरोपाकडे झुकू लागला. तेव्हा नरसय्याने शाहिरांना गाठले आणि ठरले की जोडीने चौकात एक मदतीचा कार्यक्रम करायचा आणि जमलेल्या पैशांत आपला संच आपण आणायचा. पुकारण्याचे काम, मी नको म्हणत असताना, माझ्याकडे आले.

कार्यक्रमाच्या दिवशी जोडी अक्कलकोटकडचा दौरा उरकून धूळ खात सोलापुरात पोहोचली. दुपारी मी नरसय्याच्या घरी गेलो तेव्हा शाहीर मागाशेजारी मान खाली घालून बसले होते. नरसय्याची बायको लक्ष्मीबाई त्यांच्यापुढे हळदीचे गरम पाणी धरून होती. शाहिरांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडले, आणि नुसती वाफ यावी तसा आवाज आला.

“सकाळपास्नं असंच हाय,” नरसय्या म्हणाला. “ज्येष्ठमध झाला, काढा झाला.”

मी कार्यक्रम पुढे ढकलण्याचे सुचवले.

“आनि लोकांनी काय करायचं? आज चौकात काय झालं न्हाई तर उद्या मालकाचा कर्णा फाटकावर चढतोय. माणसं तिकडं बसली की परत उठत न्हाईत, मास्तर.” मग म्हणाला, “तुमी नाव पुकारा. बाकीचं बगू की.”

“मग तू गाशील?”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याला दुसऱ्याचा सदरा घालायला सांगत होतो. “मला म्होरलं येत न्हाई,” तो म्हणाला. मला ते खरे वाटले नाही. पण ते अक्षरशः खरे होते. इतकी वर्षे प्रत्येक ओळ त्याने ऐकली ती तिचा शेवट पकडण्यासाठी. शेपटे सगळी पाठ होती. ज्या धडाची ती शेपटे, ते त्याच्या ओठांवर कधी बसलेच नव्हते.

दिवेलागणीला चौक भरला. पिंपांवर फळ्या टाकून मंच केला होता, कडेला पुकारण्यापुरता माइक होता आणि कर्णा लिंबावरचाच होता. पुढे विडी वळणाऱ्या बायका, एका कडेला टांगेवाले, मध्ये मागवाले. आणि सगळ्यांत मागे मालकाचा कारकून आपली चार माणसे घेऊन पाय पसरून बसलेला. मी नावे पुकारली. शाहिरांनी जाळावर शेकलेला डफ उचलला, थाप दिली, तोंड उघडले, आणि चौकाला काहीच ऐकू गेले नाही. कुजबुज वाढली. मागून कारकून ओरडला, “शाहीर, घसा कुटं गहान टाकला का काय?”

“गहान न्हाई हो,” नरसय्याने मागूनच उत्तर दिले. “परटाकडं टाकलाय.”

हशा पिकला, पण तो विरला तेव्हा चौक आणखीच शांत आणि आणखीच अवघड झाला. कडेचे दोघे-तिघे उठूनही उभे राहिले. शाहिरांनी मागे वळून नरसय्याकडे पाहिले, मग पुढे पाहून डफावर एक पूर्ण ओळ नुसती वाजवली. शब्दच नव्हते, फक्त त्यांची जागा होती. ती संपता संपता नरसय्याने कानामागे हात नेला आणि झील धरली, “...पेठ उठते सारी, गड्या, पेठ उठते सारी!” पुन्हा डफाची मोकळी ओळ, पुन्हा झील. मला वाटले, आता माणसे उठणार. तिसऱ्या वेळी डफ वाजू लागला तेव्हा विडीवाल्या बायकांतून एक चिरका, म्हातारा आवाज आला, “भल्या पहाटं भोंगा वाजं...” आणि नरसय्याने ती ओळ अशी उचलली की त्या बाईंनी लाजून तोंडाला पदर लावला.

मग पुढले अर्धे चौक देऊ लागला. टांगेवाले इस्माईलचाचा तर उभे राहून गायले, भलतेच कडवे. त्याला नरसय्याची झील जुळेना. “चाचा, घोडा दुसऱ्या गल्लीत गेला की,” नरसय्या म्हणाला, आणि चाचा म्हणाले, “तो तू उधर आ जा!” नरसय्या गेलाही त्या गल्लीत. उभी राहिलेली माणसे कधी खाली बसली ते कळले नाही. कारकून तसाच बसून होता, पण पाय आखडून.

शेवटचे गाणे राहिले होते, रेडिओविषयीचे. ते शाहिरांनी दौऱ्यातच, या चौकासाठी रचले होते. ते चौकात अजून कोणी ऐकलेच नव्हते. डफ वाजला आणि पुढली जागा रिकामी गेली. नरसय्या कानामागे हात धरून थांबला. या वेळी पुढली ओळ आल्याशिवाय त्याने झील धरली नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्या शांततेत शाहीर माइकपाशी गेले, त्याला ओठ टेकवले आणि निव्वळ श्वासाने म्हणाले, “ज्याच्या दारी बोलनारा, त्याचीच बोली बोलं...” लिंबावरच्या कर्ण्यातून ती कुजबुज सगळ्या चौकावर उतरली. नरसय्याने आयुष्यात कधी धरली नव्हती तशी झील धरली, अगदी खालच्या सुरात, जणू झोपलेले कोणी उठू नये...

संच आला आणि तालमीच्याच भिंतीत बसला. त्याची किल्ली नरसय्याच्या करदोट्याला लटकू लागली. पुढे घरोघरी ट्रान्झिस्टर आले, मग टीव्ही. कट्टा ओस पडला आणि कपाट उतरवले गेले तेव्हा तो संच नरसय्याने घरी नेला.

परवा शाहिरांसोबत त्या घरी गेलो. माग कधीच विकला गेला आहे. त्या जागी संच आहे, वर चादर घातलेली. शाहीर नेहमीच्या ठिकाणी, संचाला पाठ लावून बसले. लक्ष्मीबाईंनी चहा आणला. शाहिरांनी कप हातात घेतला आणि सवयीने म्हणाले, “लक्ष्मीबाई, साखर जरा...” आणि थांबले, मान किंचित मागे वळवून. लक्ष्मीबाईंना पुढचे ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. चहावर साय धरेपर्यंत शाहीर तसेच, कान मागे देऊन बसून राहिले.