साहेबांसाठी सारवलेला खड्डा

काय सांगू तुम्हाला, पाहुणा येणार म्हणून लोक घर सारवतात. मी चक्क गाळाचा खड्डा सारवला! हसू नका, आधी ऐका.

दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. मिरजगावच्या अलीकडे आमची खडीची खाण. पाऊस पडला की दगडाची भुकटी वाहून ओढ्यात, आणि ओढ्यातून गावच्या पाझर तलावात. तळ गाळानं भरला तर पाणी मुरणार कुठून? नगरहून हुकूम आला: खाणीखाली खड्डा खणा, गाळ तिथंच बसू द्या, पुढं निवळ पाणी सोडा. नाहीतर खाण बंद!

तो खड्डा माझ्या थोरल्या भावानं, दादानं खणून घेतला. मुकादम होता तो. मधोमध बाभळीचा खुंट रोवला आणि दर बाजाराच्या दिवशी, गाळ जिथवर चढला असेल तिथं कोयत्यानं खाच पाडायचा. मग तापानं गेला. चार दिवसांत! त्याला महिना होत नाही तोच निरोप आला, नगरचे साहेब तपासणीला येतायत.

माझं डोकंच फिरलं. दादाचं शेवटचं काम ते. त्याला कुणी नाव ठेवलेलं मला चाललं असतं? शाळा मी दुसरीत सोडली, पण पाहुण्याला घाण दाखवायची नसते एवढं कळत होतं की!

पावसानं उघडीप दिली होती. दोन दिवस खपलो. गाळ झाडून काढला, बैलगाडीत भरून लांब नेऊन टाकला. तळ शेणानं सारवला. कडेच्या दगडांना चुना, खुंटाला चुना. वैनी भाकरी घेऊन आली ती बघतच राहिली.

"भावजी, ह्ये काय करून ठिवलं?"

"दादाचं काम हाय, वैनी. उठून दिसाया नगं?"

"आन् खुंटाला बी चुना?" एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. वैनीपण येऊन कडेला उभी होती. साहेब खड्ड्यात डोकावले.

"इथं पंगत बसवायची आहे का? गाळ कुठाय?"

"एक कन न्हाई, साहेब!" मी छाती काढून.

"म्हणजे सगळा तलावात गेला. खड्डा निकामी." आणि खिशातून पेन निघालं.

आता बोला!

"न्हाई, न्हाई! हुता! लई हुता! गुडघ्याच्या वर!"

"आत्ता म्हणालास, कण नाही."

"त्यो आज न्हाई, साहेब. परवा हुता!"

"बरं. टाकलास कुठं, दाखव."

आली का पंचाईत! लांब म्हणजे कुठं टाकला होता? तलावाच्या काठाला, बाभळींच्या आड! साहेब खाण बघायला येणार, तलावाकडं कशाला फिरकतील, असं माझं डोकं चाललेलं.

साहेबांनी ढिगातली चिमूट बोटांत चोळली. "भुकटी खाणीचीच. पण खड्ड्यात साठली होती कशावरून?"

परत आलो तर वैनी खड्ड्यात उतरून विळ्यानं खुंटाचा चुना खरवडत होती.

"ह्या बघा, साहेब. खालच्या खाचा ह्यांच्या. वरच्या तीन माज्या."

तीन तिच्या? मला पत्ताच नव्हता! मी घरात तोंड लपवून रडत बसलो होतो, तेव्हा ही दर बाजारी इथं येत होती.

साहेबांनी एकेका खाचेवरून बोट फिरवलं. "काम चोख आहे. मुकादम हुशार होता."

मला राहवेना. "म्या त्येचाच भाऊ, साहेब!"

साहेबांनी मला खालीवर न्याहाळलं. "त्याच्या खड्ड्यानं सगळा पावसाळा हा गाळ तलावापासून अडवला. ओढ्याला जमलं नाही ते तू दोन दिवसांत केलंस. बैलगाडीनं!"

वैनीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती! दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

साहेबांनी सही केली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. माझं नाव असणार! मी हौसेनं ड्रायव्हरकडून वाचून घेतली.

'पुढील तपासणी न कळवता करावी.'